खोक्यांवरचं कुंकू

८ सप्टेंबर, सोमवार

टण्ण.

तांब्याच्या हंड्यावर बोटाचं पेर मारलं की असा आवाज यायचा, आणि मग बराच वेळ हवेत तरंगत राहायचा. हंडा चिरलेला असला तर नुसतं टक्. तिथल्या तिथं मेलेला आवाज. आयुष्यभर भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला तो आवाज ऐकवला. आज स्टुलावर बसल्या बसल्या काही कारण नसताना कानात वाजला.

गाळा तोच, उंबरा तोच. हंड्या-कळश्यांच्या उतरंडी होत्या तिथं आता काचेची कपाटं आणि त्यात मोबाईलपेक्षा थोडे मोठे रंगीत डबे. प्रत्येक डब्यात एक खेळ. मालक गेले, त्यांच्या मुलांनी गाळा 'नवा डाव' कंपनीला दिला. व्हिडिओ गेमची दुकानं यांची. नवे खेळ विकतात, जुने विकत घेतात, पुसून पुन्हा विकतात. पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात, सगळीकडं हीच निळी पाटी. आणि भोरच्या शाखेची प्रमुख कोण, तर आमची नूतन. माझी नात.

मला तिथं काही काम नाही. सकाळी जातो, भिंतीकडेच्या स्टुलावर बसतो. कुणी ऊठ म्हणत नाही.

आज एकानं जुने खेळ आणले. नूतननं तबकडी उजेडात धरून ओरखडे पाहिले, किंमत ठरवली, तेवढी वजा करून नवा खेळ दिला. मी म्हणालो, 'म्हणजे मोड.'

'आबा, एक्स्चेंज म्हणतात त्याला.'

'जुनं भांडं दिलं, नवं नेलं, वर फरक दिला. मोडच की.'

गिऱ्हाईक म्हणालं, 'बाबा बरोबर बोलत्यात.'

१२ सप्टेंबर

भोरात आता सगळे मोडच म्हणायला लागलेत. नूतन फोनवर पुण्याला सांगत होती, 'मॅडम, आज मोड चांगली आली.' मग जीभ चावली.

दुकानाबाहेर खडूची काळी पाटी ठेवायची कंपनीची पद्धत आहे. तिच्यावर ऑफर लिहायच्या. नूतनचं अक्षर कोंबडीचे पाय. माझं वळणदार. म्हणून ते काम मी मागून घेतलं. ऑफर लिहून खाली जागा उरली. जागा उरली की मला राहवत नाही—

जुना जाहला खेळ म्हणुनि का अडगळीत तो टाका?
नव्या अंगणी खेळायाला त्यास एकदा हाका!

विंझरच्या शाळेत गुरुजी आम्हाला उभं करून, डोलत डोलत कविता म्हणायला लावायचे. बाहेर भाताच्या खाचरात पाणी साचलेलं, आत पंचवीस-तीस पोरं एका तालात. गणित सगळं विसरलो, कविता एकही नाही. त्या तालात अजून ओळी सुचतात. चांगल्या असतात असं नाही.

नूतननं वाचलं. 'छान आहे. पण किंमत पुसली गेली की, आबा.'

१६ सप्टेंबर, मंगळवार

पुण्याच्या आरती मॅडमचा फोन आला होता. नूतनच्या वरच्या साहेब त्या. भोरची शाखा दिवाळीपर्यंत चाचणीवर आहे. विक्री झाली तर राहणार, नाहीतर पाटी उतरवणार. हे नूतनला आधीपासून माहीत होतं. घरात आज कळलं.

सुलक्षणा, माझी सून, भाकरी थापता थापता म्हणाली, 'बंद झालं तर बरंच हाय. भोंगवलीची मान्सं कवाची इचारत्यात. चांगलं घर, बागाईत. म्या त्यांना दिवाळीपतुर थांबा म्हणलंय.'

माझा मुलगा गोरख ड्यूटीवर. एसटीत. अशा वेळी तो नेहमी ड्यूटीवरच असतो.

नूतन जेवत राहिली. मग म्हणाली, 'आई, दुकान बंद झालं तर मी बघण्याला बसेन. कुरकुर करणार नाही. पण चाललं, तर तो विषय दोन वर्षं काढायचा नाही.'

'व्हय.'

'शब्द?'

'शब्द. आबा हायेत साक्षीला.'

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी मान हलवली. साक्षीदारानं कुणाच्या बाजूचं नसावं. पण मला ते दुकान चालायला हवंय. पोरगी गल्ला उघडते तेव्हा तिचा चेहरा मी पाहिलाय.

२० सप्टेंबर

धनाजी आला होता. वेल्ह्याच्या वरच्या वाडीतला, शेळ्या आणि म्हशी राखतो. उन्हाळ्यात कड्यावरून घसरून पाय मोडला, तेव्हा पुतण्यानं वेळ जायला म्हणून इथूनच टीव्हीला जोडून खेळायचं एक वापरलेलं मशीन नेऊन दिलं. पाय बरा झाला, मशीन सुटलं नाही. फुटबॉल खेळतो.

'ह्यो गोल मारणारा गडी लई आळशी हाय बघा ताई. म्या बटन दाबतोय, ह्यो आपला उभा.'

'मामा, तुम्ही पास द्यायचं बटण दाबताय.'

'आरं पण बॉल म्होरं पडलाय ह्ये त्याला दिसाया नको?'

दसऱ्यानंतर नवं मशीन नेणार, जुनं मोडीत देणार म्हणाला. काउंटरवरच्या मशीनवर बोटाचं पेर मारून आवाज ऐकला. नूतन माझ्याकडं बघून हसली. मी शिकवलेलं नाही, ही माणसं कोणतीही वस्तू अशीच घेतात.

दुपारी एकानं नव्या खोक्याचं कागदी सील नखानं फाडलं आणि मग नको म्हणाला. नूतननं निमूट ते खोकं उचलून जुन्याच्या कपाटात ठेवलं.

'आत कुणी हातही लावला नाही,' मी म्हणालो.

'सील तुटलं की जुनं. कंपनीचा नियम.'

एका नखानं वस्तू म्हातारी होते. घरी येताना त्यावर ओळी जुळवत होतो. जुळल्या नाहीत.

२९ सप्टेंबर, सोमवार

कापूरहोळवरून टेम्पोनं दिवाळीचा माल आला. नवी मशीनं, पांढरीशुभ्र पुठ्ठ्याची खोकी. नूतननं मागवली होती त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत. तिनं फोन केला तर पलीकडून, 'आलंय तेवढ्यात भागवा.' तिनं ती मागच्या बाजूला उतरंड रचावी तशी रचली. 'ही सगळी गेली ना आबा, तर आपलं जमलं.'

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज मन भरून आलं.

नूतनला सकाळीच मीटिंगला पुण्याला जावं लागलं. चावी माझ्याकडं दिली. 'फक्त झाडून घ्या आणि दुपारी बसा. विकू काही नका.'

झाडून घेतलं. मग आठवलं, आज खंडेनवमी. भांड्यांच्या दुकानात मालक या दिवशी तागडी, वजनं, हातोडी, ऐरण सगळं मांडायचे आणि मला म्हणायचे, 'हळद-कुंकू तू लाव, तुझं बोट हलत नाही.' ज्या वस्तूवर पोट चालतं तिला हात जोडायचे. मग नूतनचं पोट कशावर चालतं? म्हटलं, ही पोरगी यंदा विसरली, आपण विसरायचं नाही.

पेठेतल्या सखूबाईकडून झेंडू घेतला. तिनं विचारलं, 'कंच्या हत्याराला?' सांगितलं. ती म्हणाली, 'त्याला बी लावा, त्यानं काय पाप केलंय?'

हळद-कुंकू तेलाच्या थेंबात कालवलं, कोरडं लावलं तर झडतं. गल्ला, स्कॅनर, बिलाचं यंत्र. सगळ्यांना बोट. मग मागं गेलो. पांढरी खोकी ओळीनं मांडली. प्रत्येकाच्या कपाळावर, म्हणजे दर्शनी बाजूला मधोमध, आधी हळद, वर कुंकू. वर एकेक फूल. सील एकाचंही तोडलं नाही. ते लक्षात होतं.

पांढऱ्यावर काय शोभत होतं.

२ ऑक्टोबर, दसरा

काल संध्याकाळी नूतन आली. आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मी आत गेलो तर ती एका खोक्यावरचं फूल बाजूला करून बोटानं डाग घासत होती. डाग पसरला.

'आबा, हे पुसून जाईना.'

'पुसायचं कशाला?'

तेव्हा तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही. खोकं डागाळलं की तेही जुन्यात जातं. नवं म्हणून विकता येत नाही. किंमत जुन्याची लावायची. दिवाळीचा सगळा नवा माल एका दुपारीत जुना झालेला आहे. सील शाबूत असूनही.

मी म्हणालो, 'कळवू नको. उन्हात ठेवू, फिकट होईल.'

'सकाळी स्टॉकचे फोटो पाठवायचे असतात.'

'मग माझं नाव सांग.'

'चावी माझी होती आबा.'

आज सोनं वाटायला कुणाकडं गेलो नाही. आपट्याची पानं तशीच पाटावर आहेत.

३ ऑक्टोबर

कणकेचा गोळा फिरवून पाहिला. तेल पुठ्ठ्यात मुरलंय. खोडरबरानं पुठ्ठ्याची सालं निघाली. शेवटी कपड्याचा साबण लावला, तर हळद होती ती लालभडक झाली. ते एक खोकं आता जखमेसारखं दिसतं. बाकीच्यांना हात लावायचं नाही असं नूतन म्हणाली.

सुलक्षणाला कळलं. मला वाटलं काही बोलेल. चहा ठेवला समोर. 'प्या. निवतोय.'

४ ऑक्टोबर

पुण्याहून निरोप: सगळी मशीनं जुन्याच्या किमतीला लावा. आरती मॅडम स्वतः येऊन बघतील.

दुकानात गेलो नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नूतननं न्यायला माणूस पाठवला! माणूस म्हणजे धनाजी. दारात उभा राहून ओरडला, 'बाबा, चला. पाटी कोरी हाय, ताईचं अक्षार वाचवत न्हाई.'

गेलो. धनाजीनं जुनं मशीन उपरण्यात बांधून आणलं होतं. नूतननं त्याला आधी खरं काय ते सांगितलं. वस्तू नवीन आहे, सील आहे, पण खोक्यावर डाग आहे म्हणून जुन्यात धरलीय.

'डाग कुठाय?'

तिनं दाखवला.

'ह्यो डाग? ताई, ट्याक्टर घेतला का मान्सं आधी कुंकू लावत्यात, मंग शीटावर बसत्यात. हितं लावूनच देताय, वर सवस्तात. आन तुमी त्वांड पाडून बसलाय.'

त्यानं नेलंच, शिवाय गावभर सांगितलं. दुपारनंतर तिघं आले, 'पुजलेलं' मागत.

सगळ्यांचं तसं नाही. पुण्याहून धरण बघायला आलेलं एक जोडपं म्हणालं, 'हे वापरलेलं आहे, उघड दिसतंय,' आणि गेलं. विंझरची वैष्णवी, कॉलेजातली, वेगळ्याच शंकेत. 'कुणाच्या देव्हाऱ्यापुढं ठेवलेली वस्तू आपण कशी आणायची, आजी विचारतेय.' नूतननं तिला गल्ला दाखवला, त्यावरचं कुंकवाचं बोट दाखवलं. 'इथंच झाली पूजा. देव्हारा हाच.' तिनं आजीला फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलली, आणि घेतलं.

पाटीवर आज नुसती किंमत लिहिली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आरती मॅडम आल्या. कंपनीची निळी गाडी, गळ्यात ओळखपत्र. वय नूतनपेक्षा फार नाही, दहा वर्षांनी मोठी असेल. मी समजत होतो कुणी जाडजूड बाई येतील.

मागची उरलेली खोकी पाहिली. दोनच उरलीत, त्यातलं एक साबणाचं. मला विचारलं, 'हे तुम्ही लावलंत?'

'हो. तिचा काही संबंध नाही. ती पुण्यात होती, तुमच्याच मीटिंगला.'

त्यांनी खोकं तिरपं करून पाहिलं. 'सगळ्यांना अगदी मधोमध लावलंय.'

एवढंच. मग फोन आला तर बाहेर गेल्या आणि बाहेरच राहिल्या. पेठेतून इकडून तिकडं चालत बोलत होत्या. नूतननं मागवलेला चहा साय धरून निवला. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, 'बाहेरच्या माणसाकडं चावी देता येत नाही, नूतन. लेखी द्यावं लागेल.'

'हो मॅडम.'

'संख्या चांगली आहे. रक्कम नाही.'

'हो मॅडम.'

जाताना गाडीची काच खाली करून काहीतरी बोलणार होत्या. काच वर गेली.

बाहेरचा माणूस. त्या उंबऱ्याला माझी पावलं पाठ आहेत. पण नियमानं बरोबर आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आला निरोप. मोबाईलवर, तीन ओळी. भोर शाखा चोवीस तारखेला बंद. माल आवरून ठेवा, टेम्पो येईल. कारण लिहिलेलं नाही. लिहायला कशाला हवं?

नूतन म्हणाली, 'आबा, ते कुंकवामुळं नाही.'

'मग कशामुळं?'

तिनं तो निरोप पुन्हा वाचायला घेतला.

सुलक्षणा जिंकली होती. पण तिनं काही काढलं नाही. नूतनच्या भाकरीवर आज दुप्पट तूप होतं. नूतननंच जेवण झाल्यावर म्हटलं, 'आई, भोंगवलीला कळव.' ताट घेऊन उठली. सुलक्षणा तिथंच बसून राहिली.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

भोंगवलीची माणसं रविवारी, सव्वीसला येणार. गोरखनं रजा टाकली. ही त्याला मिळाली!

मुलगा चांगला आहे म्हणतात. चांगलाच असेल. त्याच्यावर माझा राग नाही. पण मी एका बोटानं पोरीचं काय करून बसलो, ते सगळ्या दिवाळीत माझ्यासमोर आहे. कंदिलाकडं बघवत नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

नूतन म्हणाली, दुकानातला गल्ला पुजायचाय. चला.

'मी नाही.'

'आता डागाळायला काही उरलं नाही आबा.'

खरंच बोलली, टोमणा नव्हता. गेलो. तिनं स्वतःच्या बोटानं लावलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचा दिवस. दुपारी टेम्पो येणार होता, आला नाही. नूतन फोन लावत राहिली, कुणी उचलत नव्हतं. पुण्याच्या दुकानाचाही फोन लागेना. शेवटी माल तसाच ठेवून कुलूप लावलं. चावी कुणाकडं द्यायची, तेही कुणी सांगितलेलं नाही.

धनाजी येऊन गेला. 'मंग आता मोड कुठं द्याची?' नूतन म्हणाली, 'साताऱ्याला जा मामा.' तो म्हणाला, 'साताऱ्यात मला कोन वळखतंय.'

पाटीवर काहीतरी चांगलं लिहा म्हणाली. खडू घेऊन उकिडवा बसलो. 'बंद'ला यमकं पुष्कळ आहेत. छंद, मंद, आनंद. एकही धरवेना. 'दुकान बंद झाले आहे' असं सरळ लिहून उठलो.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सुलक्षणा उद्यासाठी चिवड्याचे पोहे भाजत होती. दारावर थाप पडली. मला वाटलं भोंगवलीची माणसं दिवस चुकली.

दारात आरती मॅडम. गळ्यात ओळखपत्र नाही. स्वारगेटवरून एसटीनं आल्या होत्या, उभ्यानं. पायातल्या बुटांवर सगळी धूळ.

'आबा, नूतन फोन उचलत नाहीये.'

'ती तुमचा उचलणार नाही.'

'बरोबर आहे.' त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. 'कंपनीच बंद झाली. भोर नाही. सगळी. पुणं, सातारा, कोल्हापूर. ऑगस्टमध्येच ठरलं होतं. आम्हाला बोलायची परवानगी नव्हती. त्या दिवशी गाडीतून सांगणार होते, धीर झाला नाही.'

ऑगस्ट. मी ते दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा ऑगस्टच सांगितलं.

'सगळ्या शाखांचा जुना माल मी कंपनीकडून विकत घेतलाय. पुण्यात तो घ्यायला दुकानात कुणी येत नाही, सगळे फोनवरून मागवतात. शेवटच्या महिन्यात सगळ्यात जास्त माणसं उंबरा चढली ती भोरला. मला इथं दुकान मांडता येईल, चालवता येणार नाही. चालवायला ती हवी. भागीदारीत. नोकरीत नाही.'

नूतन माझ्या मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती आरती मॅडमकडं बघत नव्हती. त्या शब्दाची आठवण द्यावी तशी आईकडं बघत होती.

सुलक्षणानं कढई उतरवली. पदराला हात पुसले. दाराशी आली, पाव्हणीला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

'उभ्यानं काय बोलताय? बुटं भाईर काढा, आन आत या.'